अर्टिगा डिझेलला दुसरं इंजिन बसवायचंय, पण पहिलं कशानं गेलं?

तुमची हकीकत अशी आहे. २०१४ ची अर्टिगा डिझेल, १,९२,००० किलोमीटर चाललेली. रोज साताऱ्याहून शिरवळ एमआयडीसी आणि परत, म्हणजे दिवसाला शंभरेक किलोमीटर. मागच्या महिन्यात परतताना खंबाटकी चढताना टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, शिट्टी वाढली, मागे निळा धूर दिसायला लागला, पिकअप गेला आणि घाट संपल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकला. पाऊण तासाचा रस्ता उरला होता म्हणून गाडी तुम्ही तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी सुरू केली तर खालून खडखड. मेस्त्रींनी टर्बो काढून बघितला, शाफ्ट हातात हलत होता. "इंजिन गेलं," म्हणाले. आता एक जण मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुनं इंजिन आणा म्हणतोय, दुसरा स्विफ्टचं बसवा म्हणतोय, कारण "तेच आहे आणि स्वस्त मिळतं". तिसरा आहे तेच बांधून, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून, घ्या म्हणतोय. यातलं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं डिझेल गाड्यांची इंजिनं उतरवतोय. त्या अनुभवावरून सांगतो, पैसे बाहेर काढायच्या आधी एका गोष्टीचा निकाल लावा: आधी टर्बो गेला की आधी इंजिन? हे कळल्याशिवाय कुठलंही इंजिन आणलंत तरी तेही त्याच वाटेनं जाण्याची भीती आहे.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि ते ऑइल इंजिनाच्याच पंपाकडून एका बारीक पाइपातून येतं. म्हणून टर्बो मेलेला दिसला की दोन शक्यता असतात. पहिली, टर्बोचं सील किंवा बेअरिंग स्वतःच्या वयानं गेलं, तो हवेच्या वाटेनं इंजिनात ऑइल फेकायला लागला, चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं, ऑइल कमी झालं आणि मग क्रँकची बेअरिंगं कोरडी पडली. दुसरी, इंजिनातच आधी काहीतरी बिघडलं. स्ट्रेनरला, म्हणजे पंपाच्या तोंडाच्या गाळणीला, गाळ बसला, पंप थकला किंवा बेअरिंगं झिजून प्रेशर उतरलं आणि सगळ्यात जास्त वेगानं फिरणारा टर्बो पहिला बळी गेला. पहिल्या प्रकारात तुमचं इंजिन वाचवण्यासारखं असण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या प्रकारात आतला प्रत्येक भाग संशयानं बघावा लागतो.

हे शोधायला मोठी यंत्रं लागत नाहीत. ऑइल जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्यायला सांगा आणि ते मोजा. या इंजिनात ऑइल मावतंच जेमतेम तीन-साडेतीन लिटर, त्यातलं दीड लिटरच निघालं तर अर्धी गोष्ट तिथेच कळली. मग चेंबर खोला. स्ट्रेनरच्या जाळीवर काळा लगदा आहे का, फडक्यात चकाकणारी पूड आहे का ते बघा. चारही कनेक्टिंग रॉडच्या कॅप खोलून बेअरिंगं ओळीनं मांडा. एकच बेअरिंग खाल्लेलं आणि बाकी तीन बरी असतील तर ऑइल अचानक कमी पडलंय. चारही सारखीच झिजून तांब्याचा रंग दिसत असेल तर दुखणं जुनं आहे. शेवटी टर्बोला ऑइल नेणारा पाइप काढून त्यातून फुंकून बघा. तो आतून कोळशानं बुजलेला असेल तर टर्बो का गेला हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपासून गाडी हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खात होती आणि ऑइल बदलायला कधीकधी पंधरा हजार किलोमीटर व्हायचे. यावरून माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. पण चेंबर उघडल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

आता तुमच्या गाडीच्या इंजिनाबद्दल, म्हणजे स्विफ्टवाल्या सल्ल्याचा निकाल लागेल. हे फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. आपल्याकडे ते पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात व्हायचं आणि मारुतीसाठी मानेसरलाही व्हायचं. २०१२ मध्ये मारुतीला मानेसरची इंजिनं पुरेनात, तेव्हा रांजणगावहून इंजिनं घेण्याचा करारही झाला होता. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एसएक्स४, सियाझ, टाटाच्या व्हिस्टा आणि मांझा, फियाटच्या पुंटो आणि लिनिया, सगळीकडे हेच घराणं. म्हणून बाजारात कुणीही छातीठोकपणे "तेच आहे" म्हणतो.

घराणं एक, पण भावंडं वेगळी. स्विफ्टमधलं ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटरचं, त्याचा टर्बो साधा, न हलणाऱ्या पात्यांचा. तुमच्या अर्टिगातलं ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटरचं. त्याच्या टर्बोत एक्झॉस्टच्या बाजूला हलणाऱ्या पात्या असतात आणि त्या किती उघडायच्या हे इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. स्विफ्टचं अख्खं इंजिन टर्बोसकट बसवलंत तर तुमचा इसीयू ज्या पात्यांना हुकूम देतोय त्या तिथे नाहीतच. चेक लाइट लागणार, गाडी जोर मारणार नाही. मग कुणीतरी म्हणतं, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, स्विफ्टचा घ्या आणि वरचं सगळं तुमचं लावा. याला मी थेट नाही म्हणत नाही, पण पिस्टन, डिझेल फवारणारे नोझल, ब्लॉकवरचं हेड, सेन्सरच्या जागा, प्रत्येक गोष्ट पार्ट नंबर जुळवूनच घ्यावी लागते. हे जुळवायची चिकाटी असलेला माणूस मला क्वचितच भेटला. तुमची गाडी सात माणसांची, स्विफ्टपेक्षा बरीच जड आणि रोज घाट चढणारी. तिथे अंदाजपंचे जोडलेलं इंजिन मला नको वाटतं. २०१५ नंतरच्या एसएचव्हीएस, म्हणजे सौम्य हायब्रिड, अर्टिगाचं इंजिन मिळत असेल तर तिथेही सावध राहा. त्याला स्टार्टर आणि अल्टरनेटरचं काम एकत्र करणारी मशीन असते, तिची वायरिंग तुमच्या गाडीत नाही. तेव्हा आणायचंच असेल तर त्याच मॉडेलचं, त्याच काळातलं, ९० पीएसवालं आणा.

कोरं इंजिन हा पर्याय आता जवळपास उरलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीनं डिझेल बंद केलं. सुटे भाग मिळतात, पण कंपनीकडून पूर्ण इंजिन मिळेल या आशेवर गाडी महिनाभर उभी ठेवू नका. एकदा लेखी विचारा आणि पुढे चला.

राहिले दोन खरे पर्याय: आहे ते बांधणं, किंवा त्याच जातीचं जुनं इंजिन आणणं.

बांधण्याकडे माझा ओढा आहे आणि त्याची कारणं सांगतो. तुमच्या इंजिनाचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, कुर्ल्याच्या इंजिनाचा कुणालाच नाही. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक तुमचाच राहिला तर आरटीओचं काम निघत नाही. पण हे तेव्हाच, जेव्हा मापं साथ देतात. चारही बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती भोकं, बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून घ्या. किती लंबगोल झालेत, किती निमुळते झालेत हे कागदावर लिहून मागा. "बोअर चांगला आहे" या तोंडी शब्दावर जाऊ नका. बोअरला नखात अडकेल एवढी ओरखड नको. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर, खाच पडली असेल तर घासून घ्यायच्या आधी खालच्या साइझची चांगली बेअरिंगं मिळतात का याची खात्री करा. नसतील तर मी सरळ दुसरा, मोजलेला स्टँडर्ड क्रँक घेतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते प्रेशर टेस्टला द्या आणि पृष्ठभाग सपाट आहे का बघा. हेड गॅस्केट दुकानदार देईल ती लावायची नसते. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून त्याप्रमाणे जाडी निवडतात.

टायमिंग चेनचं पूर्ण किट टाकाच, म्हणजे चेन, गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट सगळं. या इंजिनात चेन असल्यामुळे "आयुष्यभर बघायला नको" असं लोक समजतात. पण टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. घाण आणि कमी ऑइलवर चाललेल्या इंजिनात चेन सैल होते, मग एखाद्या सकाळी दात सोडते आणि रॉकर तुटतात. तुमच्या इंजिनाला कमी ऑइलची सवय लागलेली होती हे लक्षात ठेवा.

बांधायला चांगल्या हातात दोन ते तीन आठवडे जातात, कारण निम्मा वेळ मशीन शॉपमध्ये जातो. तुमची नोकरी रोजच्या गाडीवर आहे, एवढे दिवस एसटी किंवा कंपनीच्या बसनं जमेल का हे तुम्हालाच ठरवायचंय. चार दिवसात बांधून देतो म्हणणाऱ्याकडे मी माझी गाडी ठेवणार नाही.

मापं साथ देत नसतील, बोअर फाटलेला असेल, किंवा रॉडनं ब्लॉकला धक्का दिला असेल तर जुनं इंजिन आणा. हा मार्ग वाईट नाही. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ साली आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली निर्बंध आणले. तेव्हापासून तिकडची चालू स्थितीतली इंजिनं आपल्या बाजारात आलेली मी बघतोय. पण तिथे डोळे उघडे ठेवायला लागतात.

सगळ्यात चांगलं इंजिन मागून ठोकलेल्या गाडीचं. पुढून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर फुटतो, क्रँक पुली आणि चेनच्या कव्हरला मार बसतो आणि धडकेनंतर ते इंजिन पाणी-ऑइलशिवाय किती वेळ फिरलं हे कुणी सांगत नाही. सगळ्यात धोक्याचं पुराच्या गाडीचं. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा, दोन्हीनंतर अशी इंजिनं माझ्या बाकावर आली. बाहेरून डिझेलनं धुऊन चकाचक केलेली, पण अल्टरनेटरच्या जाळीत, स्टार्टरच्या तोंडात आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये बारीक पिवळट गाळ सुकलेला. तिथे बोट फिरवा. इनटेक मॅनिफोल्डमध्ये माती दिसली तर पुढचं काही बघू नका, उठा आणि निघा.

बाकी तपासणी त्याच दुकानात उभं राहून होते. हातानं क्रँक पूर्ण दोन फेरे फिरतो का. ऑइलच्या झाकणाखाली काळा लगदा किंवा पांढरी साय आहे का. ग्लो प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती यापेक्षा चार आकडे एकमेकांजवळ आहेत का ते मी आधी बघतो. एक जरी बाकीच्यांपेक्षा बराच खाली असला तर सौदा मोडतो. त्याच भोकातून बारीक कॅमेरा घालून बोअरवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून पाडलेल्या, तिरक्या रेघा दिसतात का ते बघा. एक अट दुकानदाराला आधीच सांगा: "घरी नेऊन चेंबर खोलणार, बेअरिंग खराब निघालं तर परत घ्याल का?" जो हो म्हणून बिलावर लिहून देतो त्याच्याकडून थोडे जास्त पैसे देऊन घ्या.

आणि न उघडता बसवू नका. चेंबर, स्ट्रेनर, दोन तरी बेअरिंगं, चेन किट, मागचं क्रँक सील, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, हे सगळं इंजिन खाली असताना सोपं जातं. गाडीत बसल्यावर त्याच कामाला दोन दिवस लागतात. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट एकदा उघडले की नवेच लावा. नोझल टेस्ट बेंचवर तपासा. ती बदलली किंवा इकडची तिकडे झाली तर प्रत्येक नोझलवरचा कोड स्कॅनरनं इसीयूत भरायला लागतो, नाहीतर इंजिन चांगलं असून गाडी हादरत राहते आणि दोष बिचाऱ्या इंजिनाला मिळतो.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. इंजिन नंबर बदलला की तो आरसीवरच्या नंबराशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली हा बदल आरटीओकडे मांडून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल. दुकानदाराकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद मागा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेवर इंजिन नंबर टाकून ते चोरीच्या नोंदीत नाही ना हे पैसे देण्याआधी बघा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर कितीही स्वस्त असू दे, हात लावू नका. पुढे अपघात झाला आणि क्लेम अडला तर वाचवलेले पैसे शंभर पटीनं जातात.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो ती. साधारण दहा वर्षांपूर्वी याच इंजिनाची एक सेडान माझ्याकडे आली होती, टर्बो फुटून ऑइल फेकलेली. मी चांगलं इंजिन शोधलं, नवा टर्बो लावला, सगळं मनापासून केलं. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी, मात्र बाहेरून पुसून तसाच बसवला. संध्याकाळी ट्रायलला निघालो, चौकाच्या अलीकडे इंजिन आपोआप चढायला लागलं. पाय उचललेला, चावी बंद केलेली, तरी आवाज वाढतच होता आणि मागे धुराची भिंत. इंटरकूलरमध्ये जुन्या टर्बोनं ओतलेलं ऑइल साचलं होतं, ते नव्या इंजिनानं ओढून घेतलं आणि त्याच्यावरच इंजिन चालत राहिलं. डिझेल इंजिनाला हवेतून जळण्यासारखं काही मिळालं की चावीची गरज उरत नाही. पाचवा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडला तेव्हा ते थांबलं. गाडी आणि माणसं वाचली, पण इंजिनाचे दोन पिस्टन गेले आणि ते मी माझ्या पैशानं पुन्हा केलं. तेव्हापासून टर्बो गेलेली कुठलीही गाडी आली की आधी इंटरकूलर काढून उभा टांगतो, रात्रभर निथळू देतो, मग धुतो. टर्बोची पाती तुटलेली असेल तर तो धूत बसत नाही, बदलतो, कारण धातूचे कण जाळीत अडकून राहतात आणि महिन्यांनी सुटतात. तुमच्या टर्बोच्या पात्या शाबूत आहेत का, हे मेस्त्रींना नक्की विचारा.

इंटरकूलरसोबत सगळे रबरी होस, इनटेक मॅनिफोल्ड, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि ऑइल कूलर आतून साफ व्हायला हवेत. ऑइल कूलरमध्ये जुन्या बेअरिंगची पूड बसलेली असते आणि ती नव्या बेअरिंगमध्ये जायला एक किलोमीटरही लागत नाही. टर्बोला ऑइल नेणारा पाइप नवाच घ्या, साफ करून जुना लावू नका. टर्बोच्या बाबतीत नुसता आतला कोअर, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगचा भाग, बदलून देणारे स्वस्त पडतात, पण हलत्या पात्यांच्या टर्बोत बॅलन्सिंग आणि पात्यांची सेटिंग दोन्ही लागतं. बॅलन्सिंगचा रिपोर्ट देणारा असेल तरच दुरुस्त करा, नाहीतर नवा घ्या. म्हणून बजेट मांडताना इंजिनाची किंमत म्हणजे निम्मा खर्च असं धरा. सगळे पैसे इंजिनात घातले की टर्बो आणि पाइपांवर काटकसर होते आणि तीच काटकसर इंजिन खाते.

पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. टर्बोच्या ऑइलच्या भोकात हातानं ऑइल भरा. नोझलचे कनेक्टर काढून, डिझेल न देता स्टार्टर थांबून थांबून मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं संथ चालू ठेवा. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० ते १,००० किलोमीटरला बदला, पुढे पंधरा नाही, आठ हजारांना. दर रविवारी सपाट जागी डिपस्टिक बघा. खंबाटकी चढून वर आल्यावर लगेच थांबायची वेळ आली तर मिनिटभर इंजिन संथ चालू देऊन मग बंद करा. तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल भाजून कोळसा होतो आणि पाइप बुजण्याची सुरुवात तिथूनच होते. आणि ऑइलचा दिवा एकदा जरी लुकलुकला तरी जागच्या जागी बंद करून टोचन मागवा. आधी टर्बोच गेला असेल आणि त्या दिवशी घाट संपल्यावर तुम्ही थांबला असतात, तर बहुधा टर्बोवरच भागलं असतं. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं तरी इंजिन वाचावं एवढीच इच्छा आहे.

गाडी विकायची की नाही हे मी ठरवू शकत नाही. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतील, मग फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. बॉडी गंजलेली नसेल आणि तोपर्यंत हीच गाडी वापरायची असेल तर रोजच्या शंभर किलोमीटरला हा खर्च मला पटतो. वर्षभरात विकायचीच असेल तर आहे त्या स्थितीत विका. नव्या इंजिनाचे पैसे विकताना परत मिळत नाहीत.

तेव्हा पहिलं काम एवढंच: मेस्त्रींना इंजिन शोधायला पाठवू नका, चेंबर खोलायला सांगा. चारही बेअरिंगं ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं कागदावर ठेवून, शेजारी स्ट्रेनर ठेवून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि किती ऑइल निघालं ते कळवा. ते बघून मी सांगेन बांधायचं की आणायचं.